झोपेतला श्वास आणि नाकावरचा मुखवटा: सीपॅप यंत्राचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठलं दवाखान्यातलं यंत्र आलं? पण इतिहास म्हणजे काही फक्त गडकिल्ले आणि तहनामे नव्हेत. माणूस रात्री कसा झोपतो, कसा श्वास घेतो, आणि तो श्वास अडकायला लागला तर काय करतो, यालाही इतिहास आहे. आणि तो फार जुना नाही. आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत घडलेला आहे.

आम्ही हा विषय घेतला त्याचं आणखी एक कारण आहे. सीपॅप नावाचं यंत्र आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आलेलं आहे. नाकावर मुखवटा, त्याला एक नळी, नळीच्या टोकाला हवा फुंकणारी पेटी. डॉक्टर सांगतात, रोज रात्री लावून झोपा. पहिले चार दिवस माणूस लावतो. पाचव्या रात्री म्हणतो, आज नको. आणि महिन्याभरात ती पेटी कपाटाच्या वरच्या खणात जाते. घरचे म्हणतात, यांना सवयच होत नाही. स्वतः माणूसही म्हणतो, माझ्याच्यानं होणार नाही. आमचं म्हणणं असं आहे की या यंत्राला दोन इतिहास आहेत. एक शोधाचा, एक सवयीचा. पहिला सगळे सांगतात. दुसरा फारसा कुणी सांगत नाही, आणि खरी अडचण तर तिथेच आहे.

सुरुवात घोरण्यापासून करू. आपल्याकडे घोरणं ही चेष्टेची गोष्ट आहे. लग्नघरात, प्रवासात, वाड्याच्या ओसरीवर कुणी घोरायला लागलं की कुंभकर्ण ठरलेला. आणि एक समजूत घट्ट बसलेली, की घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय, दमलाय बिचारा. युरोपातही वेगळं नव्हतं. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी 1836 आणि 1837 या काळात हप्त्याहप्त्यानं छापून येत होती. तिच्यात ज्यो नावाचा एक लठ्ठ नोकर मुलगा आहे. तो काम करता करता, उभ्याउभ्या झोपतो. वाचक हसले. शंभर वर्षं हसत राहिले.

1956 साली अमेरिकेत बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये 51 वर्षांचा एक व्यावसायिक दाखल झाल्याची हकीकत बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापली. हा गृहस्थ खूप जाड, आणि दिवसभर पेंगायचा. दवाखान्यात यायला निमित्त काय झालं? पत्त्यांचा डाव. पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. असं पान वारंवार येत नाही. आणि नेमका त्याच वेळी हा झोपी गेला! डाव हातचा गेला. काही दिवसांत तो दवाखान्यात आला. बर्वेल यांनी या विकाराला डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. त्यांचा अंदाज असा की लठ्ठपणामुळे छाती नीट हलत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून पेंग येते. त्यात तथ्य होतं, पण ते पुरतं नव्हतं. कारण रोग्याला तपासलं होतं दिवसा, जागेपणी. आणि सगळा प्रकार घडत होता रात्री.

रात्री बघायला सुरुवात झाली 1965 च्या सुमारास. जर्मनीत फ्रायबर्गला युंग आणि कुलो, आणि फ्रान्समध्ये मार्सेलला गास्तो आणि त्यांचे सहकारी, या दोन गटांनी स्वतंत्रपणे अशा रोग्यांची झोपेतली नोंद घेतली. मेंदूच्या लहरी, आणि त्याच्याबरोबर श्वास. तेव्हा दिसलं की झोप लागली की श्वास थांबतो. काही सेकंद अगदी काही नाही. मग माणूस दचकतो, जोरात घोरतो, श्वास परत सुरू होतो, आणि पुन्हा थांबतो. रात्रभर हेच. शेकडो वेळा.

आता बघा, हे अंथरुणात शेजारी झोपणाऱ्या बायकोला माहीत नव्हतं का? होतं. "यांचा श्वास मध्येच बंद पडतो, मी हलवून जागं करते," हे वाक्य जगातल्या किती बायकांनी किती डॉक्टरांना सांगितलं असेल. पण तो पुरावा मानला गेला नाही. यंत्राच्या कागदावर रेघ उमटली तेव्हा तो रोग झाला. आजही निदान करताना चांगला डॉक्टर आधी जोडीदाराला विचारतो, ही उशिरा का होईना झालेली दुरुस्ती आहे.

घडतं काय ते दोन वाक्यांत सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ, मऊ टाळू मागे येतात आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोका ओळखून माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते. सकाळी त्याला हे काहीच आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की आठ तास झोपूनही अंग जड आहे, डोकं दुखतंय आणि गाडी चालवताना डोळा लागतो. इटलीत बोलोन्याला लुगारेसी यांच्या गटानं झोपेत या रोग्यांचा रक्तदाब कसा वर चढतो ते मोजलं. 1976 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केलं आणि मोजमाप ठरवलं: दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर तो एक अ‍ॅप्निया, आणि सात तासांच्या झोपेत असे तीस झाले तर तो आजार. जाड नसलेल्या माणसांनाही तो होतो, हेही तेव्हा स्पष्ट झालं. डिकन्सच्या ज्योची चेष्टा तिथे संपायला हवी होती.

रोग सापडला, पण उपाय? उपाय एकच होता आणि तो भयंकर होता. 1969 साली कुलो आणि सहकाऱ्यांनी ट्रेकिऑस्टॉमी केल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे गळ्याला खालच्या बाजूला कायमचं भोक पाडायचं आणि त्यात नळी बसवायची. अडथळा वर घशात आहे ना, मग हवा त्याच्या खालूनच घ्यायची. गुण यायचा, अगदी लखलखीत यायचा. पण त्या माणसाचं जगणं बघा. दिवसा भोक बुजवून बोलायचं, रात्री उघडायचं. रोज साफ करायचं. पाण्यात उतरायचं नाही. लोकांच्या नजरा झेलायच्या. सत्तरच्या दशकात ज्याला हा आजार तीव्र होता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, गळ्याला भोक किंवा आहे तसं चालू द्यायचं. आज मुखवटा नकोसा वाटतो तेव्हा ही तुलना मनात असू द्यावी.

आता सीपॅपकडे येऊ. शब्दाचा अर्थ एवढाच की श्वासमार्गात हवेचा दाब सतत थोडासा जास्त ठेवायचा. ही कल्पना झोपेच्या आजारासाठी निघालेलीच नाही. 1936 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या पोल्टन यांनी हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलेल्या रोग्यांना दाबाची हवा दिली होती. आणि त्यासाठी यंत्र कुठलं वापरलं? घरातला झाडू मारायचा व्हॅक्यूम क्लीनर! त्याची हवा बाहेर टाकणारी बाजू. पुढे 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हीच युक्ती केली. या बाळांची फुप्फुसं श्वास सोडला की मिटून जात. 20 बाळांना हा दाब दिला, त्यातली 16 वाचली. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता. म्हणजे बघा, दाबाच्या हवेची दोन टोकं तयार होती. एकीकडे वृद्धांचं हृदय, दुसरीकडे नवजात बाळ. मधल्या घोरणाऱ्या माणसाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

ते गेलं ऑस्ट्रेलियात, सिडनीला. कॉलिन सलिव्हन हे डॉक्टर टोरांटोला फिलिपसन यांच्याकडे कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनावर काम करून परतले होते. कुत्र्यांच्या तोंडावर घट्ट बसतील असे फायबरग्लासचे मुखवटे त्यांनी तिथे वापरले होते. जून 1980 मध्ये त्यांच्याकडे तीव्र अ‍ॅप्नियाचा एक रोगी आला. त्याला ट्रेकिऑस्टॉमी सुचवली होती. त्यानं सगळं नीट समजून घेतलं आणि स्पष्ट नकार दिला. पण नाकातून हवा फुंकायचा प्रयोग एका रात्रीपुरता करून बघायला तो तयार झाला. मोटर पुन्हा तीच, व्हॅक्यूम क्लीनरची, उलट दिशेनं फुंकणारी. दाब वाढवला की घसा उघडायचा, घोरणं बंद. दाब उतरवला की पुन्हा अडथळा. जणू बटण दाबावं तसं. त्या रात्री तो माणूस गाढ झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. एप्रिल 1981 मध्ये सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ज यांनी पाच रोग्यांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याएवढा.

हे 'सेंटीमीटर पाणी' म्हणजे काय? बादलीत एक नळी दहा सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडा निघायला जेवढा जोर लागेल तेवढा हा दाब. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. फुप्फुसाला भोक पडेल, हवेची सवय लागून स्वतःचा श्वास बंद होईल, अशा भीत्या लोक बाळगतात. पण यंत्र तुमच्यासाठी श्वास घेत नाही. श्वास तुमचाच. हवा फक्त आतून टेकू देते, तंबूला बांबू द्यावा तसा.

शोधाचा इतिहास इथे संपतो. आता सवयीचा.

पहिल्या रोग्यांना काय करावं लागत होतं? प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा काढायचा, त्यावरून फायबरग्लासचा मुखवटा घडवायचा आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या डिंकानं चेहऱ्याला चिकटवायचा. सकाळी ओढून काढायचा. मोटर मोठ्यानं घरघरणारी, पेटी अवजड. तरीही 1985 पर्यंत सिडनीत शंभराहून जास्त लोक हे घरी रोज वापरत होते. का? कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय गळ्याला भोक हाच होता. गरज एवढी मोठी होती की डिंकही चालला. त्याच वर्षी अमेरिकेत रेस्पिरॉनिक्स कंपनीनं यंत्र बाजारात आणलं. 1989 मध्ये सिडनीच्या कामातून पीटर फॅरल यांनी रेसकेअर ही कंपनी उभी केली. तिचंच नाव पुढे रेसमेड झालं. सिलिकॉनचे मऊ, तयार मुखवटे आले आणि डिंक गेला.

पण गंमत अशी की यंत्र जसं सोपं झालं तसा प्रश्न बदलला. आता सौम्य आजाराच्या लोकांनाही ते मिळू लागलं, आणि ते ठेवून देऊ लागले. डॉक्टर विचारायचे, लावता ना? रोगी म्हणायचे, हो, रोज. 1993 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी यंत्रात गुपचूप मोजणी बसवली. 35 रोगी. त्यातल्या सुमारे 60 टक्के लोकांचा दावा होता की आम्ही रोज लावतो. प्रत्यक्षात सत्तर टक्के दिवशी किमान चार तास लावणारे निघाले 16. म्हणजे 46 टक्के. हे खोटं बोलणं होतं का? आम्हाला तसं वाटत नाही. झोपेत मुखवटा कधी काढून टाकला हे माणसाला सकाळी कुठे आठवतं?

पण या अभ्यासातून एक आकडा बाहेर पडला आणि तो चिकटून बसला. चार तास, सत्तर टक्के रात्री. संशोधकांनी कामापुरती घेतलेली ही व्याख्या 2008 पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेनं यंत्राचे पैसे चालू ठेवायची अट म्हणून घेतली. आज अनेकांना वाटतं चार तास म्हणजे औषधाचा पूर्ण डोस. तसं नाही. 2007 मध्ये वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दिवसा पेंग येते ही तक्रार चार तासांच्या आसपास बऱ्यापैकी सुधारते, पेंग यंत्रावर मोजली तर सहा तास लागतात आणि रोजचं कामकाज पूर्ववत व्हायला साडेसात. आणखी एक गोष्ट. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असल्यामुळे बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. तीन वाजता मुखवटा काढून ठेवणारा माणूस नेमके तेच तास सोडून देतो.

वीव्हर यांचाच 1997 चा आणखी एक अभ्यास आहे. त्यात रोग्यांचे सरळ दोन गट पडले. अर्धे जवळजवळ रोज, सरासरी सहा तासांवर लावणारे, अर्धे अधूनमधून. आणि हा फरक कधी दिसायला लागला? चौथ्या दिवसापासून. म्हणून आम्ही म्हणतो, पहिला आठवडा सांभाळा. यंत्र घरी आणून देणारा माणूस बटणं दाखवून निघून जातो आणि पुढची भेट महिन्यानं असते. मधल्या त्या सात रात्री सगळं ठरतं, आणि त्या रात्री रोगी एकटा असतो.

वाद झाले नाहीत असं नाही. 1997 साली ब्रिटनमध्ये एका आढाव्यानं म्हटलं की या उपचाराला पुरावा कच्चा आहे. त्यावर 1999 मध्ये ऑक्सफर्डच्या जेंकिन्सन, डेव्हिस आणि स्ट्रॅडलिंग यांनी 107 पुरुषांवर चाचणी केली. निम्म्यांना खरा दाब, निम्म्यांना नावापुरता. यंत्र दिसायला तेच. पेंगेचा गुणांक खऱ्या दाबावर साडेपंधरावरून सातवर आला, नावापुरत्यावर पंधरावरून तेरावर. हा पुरावा भक्कम होता. पण 2016 मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी आली. सात देश, त्यात भारतही होता. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रोग्यांमध्ये सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग, मनःस्थिती, रोजचं जगणं सुधारलं. मात्र या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. म्हणजे पुन्हा गाडी सवयीपाशीच येऊन थांबली. जास्त वापर झाला असता तर निकाल बदलला असता का, यावर वाद चालूच आहे. तेव्हा कुणी तुम्हाला 'हे लावलं की हार्ट अटॅक येणारच नाही' असं सांगितलं, तर ते पुराव्याच्या पुढचं बोलणं समजा. चांगली झोप आणि जागा दिवस, ही दोन आश्वासनं मात्र पक्की आहेत.

आपल्याकडचं काय? 2004 मध्ये मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. झोपेत श्वास अडणारे 19.5 टक्के, आणि त्याच्या जोडीला दिवसा पेंगणारे 7.5 टक्के. म्हणजे लोकलच्या डब्यात उभ्याउभ्या डुलक्या घेणारे सगळे केवळ लांबच्या प्रवासानं दमलेले नसतात. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि बऱ्याच घरांत ते पहिल्यांदाच ऐकलं गेलं.

आपल्या घरांत या यंत्राच्या अडचणीही आपल्या आहेत. एका खोलीत चार माणसं झोपतात, तिथे आवाजाचा आणि 'हे काय तोंडाला लावलंय' याचा संकोच असतो. वीज जाते. धूळ असते, म्हणून फिल्टर वेळेवर धुवावा किंवा बदलावा लागतो. मिशा भरदार असतील तर कडेनं हवा गळते. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे लाज. नातू घाबरेल, पाहुण्यांकडे गेलो तर काय म्हणतील, अजून मी एवढा आजारी आहे का!

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लोकांनी जे शिकून ठेवलंय ते थोडक्यात सांगतो. मुखवटा पहिल्यांदा अंधारात, झोपेच्या वेळी लावू नका. दिवसा लावा, पेपर वाचताना, मालिका बघताना, आधी नुसता, मग हवा चालू करून. अर्धा तास, मग तास. अंगाला त्याची ओळख होऊ द्या. नाक कोरडं पडत असेल, चोंदत असेल तर त्यासाठीच ह्युमिडिफायर आहे. त्यात डिस्टिल्ड पाणी घाला आणि टाकी रोज धुवा. सुरुवातीला हवेचा झोत अंगावर आल्यासारखा वाटतो, म्हणून रॅम्प नावाची सोय आहे: कमी दाबानं सुरुवात होते आणि झोप लागेपर्यंत तो हळूहळू चढतो. पट्टे फार आवळू नका. गळती थांबत नसेल तर बहुधा मुखवट्याचं माप किंवा प्रकार चुकलेला असतो, तुमचं नाक नव्हे. बदलून मागा. तोंड उघडं राहत असेल तर तोंड झाकणारा प्रकार मिळतो. दुपारच्या डुलकीलाही लावा. रात्री मधेच काढला गेला तर जाग आल्यावर परत लावा. त्या रात्रीचा हिशेब तिथे संपत नाही. दाब मात्र स्वतः बदलू नका, ते डॉक्टरचं काम. आणि अगदीच जमलं नाही तर गप्प बसून पेटी कपाटात ठेवू नका. जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी, वजन उतरवणं, काहींना शस्त्रक्रिया, असे इतरही मार्ग आहेत. पण ते डॉक्टरला कळलं तरच पुढे सरकतं.

यंत्राबद्दल डोळस राहणंही गरजेचं आहे. जून 2021 मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सनं आपली लाखो यंत्रं परत बोलावली, कारण आवाज दाबण्यासाठी घातलेला आतला फोम विरत होता. म्हणजे आपल्या यंत्राचं नाव, नंबर आणि खरेदीची पावती जपून ठेवायला हवी.

शेवटचा मुद्दा. या विषयावरच्या वैद्यकीय लिखाणात बरीच वर्षं 'कम्प्लायन्स' हा शब्द होता, म्हणजे आज्ञापालन. रोगी ऐकतो की नाही. हळूहळू तिथे 'अ‍ॅडहिअरन्स' आला, म्हणजे धरून राहणं. शब्द बदलला तरी पाहण्याची दिशा अजून पुरती बदललेली नाही. आजची यंत्रं मोबाइलच्या जाळ्यातून रोजचे तास परस्पर कळवतात. आकडा डॉक्टरपर्यंत पोचतो. नाक का सोलवटलं, बायकोला आवाज का सहन होत नाही, गुदमरल्यासारखं का वाटतं, हे आकड्यात येत नाही. 1965 च्या आधी अंथरुणाशेजारच्या माणसाचं बोलणं पुरावा म्हणून घेतलं नाही आणि रोग शंभर वर्षं चेष्टेत राहिला. तीच चूक आता उपचाराच्या बाबतीत होऊ नये. घरात कुणी हे यंत्र आणलं असेल तर त्या पहिल्या सात रात्री त्याला विचारा, कसं वाटतंय, कुठे टोचतंय. आणि त्याचं उत्तर घेऊन डॉक्टरकडे त्याच्याबरोबर जा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.